घाव, मात्रा आणि मोजदाद

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मराठी शाळांच्या व्यासपीठांवरून इतक्यांदा उच्चारली गेली आहे की तिच्याकडे आता कोणी संशयाने पाहत नाही. आपल्या मंडळींना देवपणाची हौस नसल्यामुळे आपल्याकडे ती थोडी फिरवून सांगितली जाते, एवढाच काय तो फरक. कुठल्याही वसतिगृहातील पातळ वरण, गळके छप्पर, पहाटेचे थंड पाणी आणि रेक्टरांची छडी या सर्वांचा हिशेब ‘त्यामुळेच तर आम्ही घडलो’ या एका वाक्यात मिटवला जातो. अलीकडे या जुन्या म्हणीवर विज्ञानाची नवी झूल चढवली जात आहे. ग्राफीन नावाच्या पदार्थावर आयनांचा मारा केला की तो अधिक बळकट होतो, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. मग माणसाचे काय सांगावे, असा दाखला मी दोन-तीन व्याख्यानांतून ऐकला आहे. पदार्थविज्ञान शिकवणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे एवढे निश्चित सांगू शकतो की हा दाखला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे मांडावा, यासाठी स्मरणिकेची ही पाने मी मागून घेतली.

प्रथम ज्या पदार्थाचा दाखला दिला जातो तो पाहू. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असते. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंचे एकावर एक रचलेले थर. दोन थरांमधील अंतर सुमारे ०.३३५ नॅनोमीटर. एक मिलीमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे जवळजवळ ३० लाख थर मावतात. प्रत्येक थरात कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बांधलेले असतात आणि या जाळीचा एकच सुटा थर म्हणजे ग्राफीन. साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट पुन्हा पुन्हा सोलत जाऊन मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ साली तो वेगळा केला व २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अशा पातळ पदार्थांचे एक कुटुंबच अभ्यासकांच्या हाती आले. यंत्रांच्या वंगणात वापरले जाणारे मॉलिब्डेनम डायसल्फाइड त्यांपैकीच एक. त्याच्या एका थरात मधे मॉलिब्डेनम आणि वर-खाली गंधक अशी तीन अणूंची जाडी असते. या सर्वांना द्विमितीय पदार्थ म्हणतात. त्यांना लांबी-रुंदी आहे, पण जाडी म्हणावी अशी जवळजवळ नाहीच.

या जाडी नसण्यातच सगळी गंमत आहे.

आयन म्हणजे इलेक्ट्रॉन कमी किंवा जास्त असलेला अणू. तो विद्युतभारित असल्यामुळे विद्युतक्षेत्राने त्याला हवा तेवढा वेग देता येतो. एक व्होल्टच्या फरकातून जाताना एका इलेक्ट्रॉनएवढ्या भाराला जी ऊर्जा मिळते तिला एक इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणतात. ग्राफीनच्या जाळीतून कार्बनचा एक अणू उखडून काढायला साधारण २० ते २२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा थेट त्या अणूला मिळावी लागते. सिलिकॉनच्या चिपा बनवताना आयनांचा मारा करण्याचे तंत्र कित्येक दशकांपासून वापरात आहे. आपल्या प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल त्याचीच देणगी. तेथे आयन सिलिकॉनच्या पोटात शिरतो, एका अणूला धडकतो, तो अणू दुसऱ्याला धडकतो, अशी टकरांची साखळी निर्माण होते आणि शेवटी आयन आतच कोठेतरी विसावतो. ग्राफीनला पोटच नाही. उखडलेला अणू बहुधा पलीकडे निघून जातो, आयनही निघून जातो आणि मागे उरते ती फक्त जाळीतील रिकामी जागा.

त्यामुळे येथे एक गोष्ट आपल्या अपेक्षेच्या नेमकी उलट घडते. आपल्याला वाटते की आघात जितका जोरदार तितकी नासधूस मोठी. ९० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा आर्गॉनचा आयन सेकंदाला सुमारे २१ किलोमीटर वेगाने येतो. १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा चांदीचा आयन सेकंदाला सुमारे १३,४०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या साडेचार टक्के वेगाने येतो. अणूला थेट धक्का देऊन उखडण्याच्या कामात हा दुसरा, प्रचंड ऊर्जेचा आयन पहिल्यापेक्षा फारच कमी पडतो. कारण तो कार्बनच्या अणूजवळ इतका अल्प काळ असतो की धक्का पोचायला अवसरच मिळत नाही. संथ आर्गॉन मात्र आपली बरीचशी ऊर्जा त्या अणूच्या पदरात टाकतो. एकाच थराच्या पदार्थात आयनाची ऊर्जा एका मर्यादेपलीकडे वाढवली की जाळीला इजा होण्याची शक्यता घटत जाते, हे २०१० च्या सुमारास संगणकीय गणितांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

वेगवान आयन निरुपद्रवी असतो, असा याचा अर्थ नाही. तो अणूंना टाळतो, पण इलेक्ट्रॉनांना खेचत, हुसकत जातो. यापुढे काय घडते हे त्या पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून असते. व्हिएन्नातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. झेनॉनच्या अणूवरील ५४ इलेक्ट्रॉनांपैकी ३५ पर्यंत काढून घेऊन असा इलेक्ट्रॉनांसाठी आसुसलेला आयन त्यांनी ग्राफीनमधून पार केला. जाता जाता त्याने ग्राफीनमधून डझनावारी इलेक्ट्रॉन ओढून घेतले. एवढा भार एका बिंदूतून गेला तर तेथे भगदाड पडावे, असेच कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. शेजारचे इलेक्ट्रॉन काही फेम्टोसेकंदांत धावून आले, तूट भरून निघाली आणि जाळी शाबूत राहिली. ग्राफीन हा उत्तम वाहक असल्यामुळे हे साधले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा अर्धवाहक असल्याने तेथे शेजाऱ्यांची मदत इतक्या तातडीने पोचत नाही. तशाच आयनांनी त्याच्या एकेरी थराला छिद्रे पडलेली आढळली. हाच वेगवान आयन अगदी तिरकस, पृष्ठभागाला घासत गेला तर मात्र ग्राफीनही उसवते आणि कागदाची कड दुमडावी तसे दुमडते, हे जर्मन अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवले आहे. सारांश, आयन किती ऊर्जेचा हे सांगून भागत नाही. कोणत्या दिशेने आला, कोणत्या पदार्थावर आला, हेही सांगावे लागते.

आता व्याख्यात्यांच्या आवडत्या प्रयोगाकडे येतो. २०१५ साली माद्रिदमधील संशोधकांनी ग्राफीनचा पडदा सूक्ष्म खळग्यांवर डफासारखा ताणून बसवला, त्यावर आर्गॉनच्या आयनांचा सौम्य मारा केला आणि अतिसूक्ष्म टोकाने तो दाबून पाहिला. अणू कमी झाल्यावर पडदा सैल व्हावा, ही अपेक्षा. प्रत्यक्षात तो अधिक ताठर झाला; ताठरपणा वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की साध्या तापमानालाही ग्राफीनच्या पृष्ठभागावर लहरी उठत असतात आणि मोजक्या रिक्त जागांमुळे त्यांतील मोठ्या लहरींना आळा बसतो. व्याख्यानात दाखला येथे संपतो आणि टाळ्या पडतात.

शोधनिबंध तेथे संपत नाही. ही वाढ रिक्त जागांचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास पोचेपर्यंतच टिकली, म्हणजे ५०० अणूंमागे एक अणू गेला तोपर्यंत. पुढे मारा चालू ठेवला तसा ताठरपणा घसरू लागला. आणि मुख्य गोष्ट अशी की ताठरपणा वाढत असतानाही पडदा फाटायला लागणारे बळ कमीच होत होते. ताठर होणे आणि बळकट होणे यांत फरक आहे. जे कमी वाकते ते कमी मोडते असे नाही; बहुधा उलटेच असते. वसतिगृहात राहून ‘कडक’ झालेल्या आमच्या पिढीने हा फरक पुन्हा एकदा निवांतपणे वाचावा, असे मला वाटते.

मात्रेचा प्रश्न आपल्या देशातील एका प्रयोगातही ठळकपणे दिसतो. नवी दिल्ली येथे १९८४ मध्ये न्यूक्लियर सायन्स सेंटर या नावाने सुरू झालेले आणि आज आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्र म्हणून ओळखले जाणारे केंद्र आहे. तेथील संशोधकांनी वर उल्लेखिलेले १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे चांदीचे आयन ग्राफीनवर सोडले व २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अल्प मात्रेत मूळच्या नमुन्यातील अशुद्धी व दोष कमी झालेले दिसले. मात्रा वाढवल्यावर जाळी बिघडू लागली. मात्रा म्हणजे काय याची कल्पना यावी म्हणून थोडा हिशेब करतो. एका चौरस सेंटिमीटर ग्राफीनमध्ये सुमारे ३८ कोटी गुणिले एक कोटी अणू असतात. त्यावर एक लाख कोटी आयन पाडले, तर ऐकायला संख्या भयंकर वाटते. पण वाट्याला येतात ३,८०० अणूंमागे एक आयन, आणि दोन आघातांमधील सरासरी अंतर भरते सुमारे १० नॅनोमीटर. मात्रा शंभरपट केली की हेच अंतर एका नॅनोमीटरवर येते. मग सावरायला मधे जागाच उरत नाही.

आणखी एक निष्कर्ष मला या सर्व विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण तो व्याख्यानांत कधीच येत नाही. ग्राफीन किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा थर सहसा अधांतरी नसतो. तो सिलिकॉन ऑक्साइडसारख्या आधारावर ठेवलेला असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासाने दाखवले की अशा आधारावरील थराला होणारी इजा पुष्कळदा आयनाच्या पहिल्या आघाताने होतच नाही. आयन थरातून खाली जातो, आधारातून उसळून परत वर येतो किंवा आधाराचेच अणू उखडून वर फेकतो, आणि तेच खालून येऊन थराला भोके पाडतात. हेलियमच्या बारीक शलाकेने या पदार्थांवर नक्षी कोरणाऱ्यांना याचा हिशेब ठेवावा लागतो. इजा किती झाली हे शोधायचे असेल तर वरून काय पडले एवढेच पाहून चालत नाही. खाली काय होते तेही पाहावे लागते.

दुरुस्तीचीही हीच कथा. ग्राफीनला पडलेली भोके बुजतात, हे मँचेस्टरच्याच अभ्यासकांनी २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. परंतु ती भोके सहनशीलतेने बुजली नाहीत. जवळपास कार्बनचे सुटे अणू उपलब्ध होते, म्हणून बुजली. काही ठिकाणी पुन्हा नीट षट्कोन विणले गेले, काही ठिकाणी पंचकोन-सप्तकोनांची ठिगळे लागली. कार्बन मिळालाच नाही तर भोक तसेच राहते.

आयनांचा मारा ही निव्वळ विध्वंसाची गोष्ट आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही; तसे असते तर या विषयात कोणी आयुष्ये घातली नसती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी २०१४ मध्ये गॅलियमच्या आयनांनी ग्राफीनमध्ये सूक्ष्म खोडे पाडली आणि मग आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटने ती कुरतडून एक नॅनोमीटरहूनही लहान छिद्रांची गाळणी तयार केली. तेच जांभळे परमँगनेट, जे आपल्या शाळेच्या रसायनांच्या कपाटात दिसते. द्रावणात थोडा वेळ ठेवले तर ही छिद्रे धनभारित आयनांना झुकते माप देतात. जास्त वेळ ठेवले तर मीठ जाऊ देतात पण मोठे रेणू अडवतात. म्युनिकमधील संशोधकांनी हेलियमच्या शलाकेने मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ठरवलेल्या जागी असे दोष निर्माण केले की तेथून प्रकाशकण बाहेर पडू लागले. या सर्व यशांत एक समान धागा आहे. आघात करणाऱ्याला तो कोठे, किती आणि कशासाठी करायचा हे ठाऊक होते, आणि केल्यावर त्याने परिणाम मोजला.

मोजण्याचे साधन भारतीयच आहे, हा योगायोग सुखद आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेल्या परिणामावर आधारलेला वर्णपट पाहून ग्राफीनमधील दोष मोजले जातात. १,५८० च्या आसपासची रेषा निकोप जाळीची. १,३५० च्या आसपासची रेषा दोष असतील तरच उमटते. ब्राझीलमधील अभ्यासकांनी २०१० मध्ये आर्गॉनच्या आयनांची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत या दोन रेषांचे गुणोत्तर नोंदवले. दोष वाढू लागले तशी दोषरेषा उंचावत गेली, आणि दोषांमधील अंतर तीन-चार नॅनोमीटरपर्यंत आल्यावर ती खाली येऊ लागली. दोष कमी झाले म्हणून नव्हे. जाळीच इतकी उद्ध्वस्त झाली की दोषाची खूण उमटवायलाही पुरेशी शाबूत षट्कोने उरली नाहीत म्हणून. नवखा विद्यार्थी उतरती रेषा पाहून सुधारणा झाली असे लिहून मोकळा होतो. वसतिगृहांतील तक्रारपेट्या रिकाम्या निघाल्या म्हणून समाधान मानणाऱ्या सर्वच संस्थांना हा आलेख दाखवण्याजोगा आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ग्राफीनवरून मुलांविषयी काहीही सिद्ध होत नाही. मूल म्हणजे जाळी नव्हे, आणि अणूला भूक लागत नाही. परंतु दाखला मी सुरू केलेला नाही. ज्यांनी कष्टांच्या गौरवासाठी पदार्थविज्ञानाला साक्षीला बोलावले, त्यांनी साक्ष पूर्ण ऐकून घ्यावी, एवढीच अपेक्षा. आणि ती साक्ष म्हणते: मात्रा सांगा, दिशा सांगा, आधार कसा होता ते सांगा, दुरुस्तीचे साहित्य जवळ होते काय ते सांगा, आणि मोजदाद दाखवा.

मोजदादीपाशीच आपल्या स्मरणिकांची पंचाईत होते. प्रत्येक स्मरणिकेत यशस्वी माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात: अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर, अभियंते. ती असावीत, त्यांच्याकडे पाहून पाचवीतले पोर मान वर करते. पण टाकीचे घाव सोसून मूर्ती झालेल्या दगडांचीच ही गणती आहे. घाव बसताना फुटून खाणीतच राहिलेल्या दगडांना म्हणीत स्थान नाही. आठवीत दिवाळीच्या सुटीला गेलेला आणि परत न आलेला मुलगा, दहावीआधी लग्न झालेली मुलगी, इंग्रजी-गणितात नापास होऊन वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर गेलेली मुले कोणत्या स्मरणिकेत असतात? ती आपल्याच पंगतीत जेवलेली असतात. ‘त्या कष्टांनी आम्ही घडलो’ हे वाक्य त्यांच्याकडून कधी वदवून घेता येणार नाही, कारण त्यांना कोणी विचारायलाच गेलेले नाही. प्रयोगशाळेत उखडून गेलेल्या अणूंची संख्या न देता उरलेल्या जाळीचे गुणगान करणारा निबंध कोणतेही नियतकालिक छापणार नाही.

म्हणून संपादक मंडळापुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे माझी एक सूचना आहे. पुढील स्मरणिकेत दोन पाने एका तक्त्यासाठी राखून ठेवावीत. प्रत्येक वर्षी पाचवीत किती मुले-मुली दाखल झाली, त्यांपैकी दहावीला किती बसली, मधल्या कोणत्या इयत्तेत किती गळाली आणि कारण काय नोंदले गेले, एवढेच त्यात असावे. नावे नकोत. त्यासाठी नवे काही करावे लागणार नाही. शाळेचे जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या स्थळप्रती यांत ही माहिती असतेच. जेथे कारणाच्या रकान्यात नुसते ‘पालकाच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले असेल, तेथे त्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी चौकशी करावी. कोण कोठे आहे हे आपल्याला गावोगावच्या नातलगांकडून सहसा ठाऊक असते. माझ्या तुकडीची चौकशी मी करीन.

निधीविषयी एक वाक्य. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून प्रवेशद्वाराची कमान उभारण्याचा विचार पुष्कळ शाळांत होतो. माझे मत अशा कमानींच्या विरुद्ध आहे. तोच पैसा आठवी-नववीच्या गणित-इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गांना आणि सुटीनंतर न परतलेल्या मुलांच्या घरी जाऊन येणाऱ्या शिक्षकांच्या प्रवासखर्चाला लावावा. त्यातून काही उरले तर एक बरा सूक्ष्मदर्शक, ग्राफाइटचे चार तुकडे आणि चिकटपट्टीची गुंडाळी घ्यावी. एकेरी थर शाळेत दिसणार नाही. त्यासाठी ठरावीक जाडीच्या ऑक्साइडचा थर असलेली सिलिकॉनची चकती लागते. पण सोलता सोलता काळे ग्राफाइट पातळ, अर्धपारदर्शक होत जाते, एवढे नववीच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी नक्की दिसेल. पुढे ती विद्यापीठात पोचली, तर दिल्लीच्या केंद्रातील किंवा १९८८ पासून मुंबईत कुलाब्याला चालू असलेल्या पेलेट्रॉनवरील प्रयोगासाठी तिला आपल्या मार्गदर्शकामार्फत अर्ज करता येईल. अशी यंत्रे विद्यापीठांतील संशोधकांसाठी खुली असतात, हे आपल्या घरांतून फारसे कोणाला ठाऊक नसते.